बेलफोर्ड रस्त्याचा समतोल

क्लीव्हलंड, १९६२

मंगळवार, ३ एप्रिल

शेजारचे म्हातारे झेमन आज मागच्या दाराने आले, स्वयंपाकघराच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, “व्हर्नाबाई, मी चाललो मुलीकडे. त्या घरात आता मी आणि घर तापवायची तळघरातली भट्टी, दोघंच खोकत बसतो. तुम्ही ज्याला आणाल त्याला मी घर विकीन. मला त्यातलं काही विचारू नका.”

एकवीस वर्षांचा शेजार. मला भरून आलं. पण भरून येत असतानाच माझी नजर फ्रिजशेजारच्या नकाशाकडे गेली, हेही लिहून ठेवते, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

नकाशा आमच्या बेलफोर्ड रस्त्याचा. चोवीस घरं, चोवीस टाचण्या. गोऱ्यांच्या घरांना निळ्या, काळ्यांच्या घरांना पिवळ्या. आजच्या तारखेला बारा निळ्या आणि बारा पिवळ्या. इतका सुरेख आकडा या शहरात दुसऱ्या कुठल्या रस्त्याचा असेल असं मला वाटत नाही.

तो आपोआप आलेला नाही. पलीकडच्या हार्लन रस्त्याचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, त्याच आठवड्यात दलालांचे फोन सुरू झाले, “बाई, भाव आहे तोवर विकून मोकळ्या व्हा,” आणि दोन वर्षांत झाडून सगळे गोरे पळाले. आम्ही पळालो नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही शेजारमंडळ काढलं. दारात विक्रीची पाटी लावायची नाही, दलालाला घरात घ्यायचं नाही, घर विकायचं तर मंडळामार्फत, आणि काळी घरं निम्म्याच्या वर जाऊ द्यायची नाहीत. निम्म्याच्या वर गेली की उरलेल्या गोऱ्यांचा धीर सुटतो. शेवटचा नियम जरा चमत्कारिक आहे खरा. पण एकत्र राहायचं तर कोणीतरी मोजायला हवंच, आणि मंडळाची सेक्रेटरी मी. मला स्वतःला माणसाचा रंग दिसतच नाही. म्हणून तर टाचण्या लावाव्या लागतात.

ऑर्विल संध्याकाळी घरी आला. माझा नवरा पाणीपुरवठ्यात आहे आणि बोलतो थेंबथेंब. किल्लीकडे पाहून म्हणाला, “म्हणजे आता तू गोरं गिऱ्हाईक शोधणार.”

“मी समतोल शोधणार,” मी म्हटलं.

“हं,” तो म्हणाला.

शुक्रवार, ६ एप्रिल

ओडेसाला सांगितलं. ओडेसा प्रेविट समोरच्या घरात राहते, शाळेत गणित शिकवते आणि मंडळाची कोषाध्यक्ष आहे. पाच वर्षांपूर्वी या रस्त्यावर आलेलं पहिलं काळं कुटुंब तिचं. पहिल्याच रात्री कोणीतरी खिडकीतून वीट टाकली होती. मी तिसऱ्या दिवशी केक घेऊन गेले. ती अजून टोमणे मारते, “पहिले दोन दिवस काय, ओव्हन तापत होता?” आता आमचं इतकं मेतकूट आहे की ऑर्विल म्हणतो, दोघींना एकच टेलिफोन पुरेल.

घर निघाल्याचं ऐकून तिने प्रश्नांची सरबत्तीच लावली. तळमजल्यावर झोपायची खोली आहे का? न्हाणीघर खालीच आहे का? पुढच्या दाराला पायऱ्या किती?

“दोन,” मी म्हटलं.

“दोनच?”

“दोनच गं. झेमनच्या बायकोला संधिवात होता ना, त्यांनी सगळं खालीच करून घेतलं.”

ती माझ्या खिडकीशी उभी राहून त्या घराकडे बघतच राहिली. कॉफी निवली तरी बघत होती. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर तयार हवं, हे तिच्या बरोबर लक्षात येतं. अशी कोषाध्यक्ष मिळायला नशीब लागतं.

वर्तमानपत्रात जाहिरात दिली: ‘सर्व वंशांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात अशा रस्त्यावर प्रशस्त घर.’ खाली माझा फोन नंबर.

शनिवार, १४ एप्रिल

आज मी मिसेस हॉलिस होते.

आमच्या मंडळाचं हे काम मला मनापासून आवडतं. आम्ही त्याला पडताळणी म्हणतो. कोणी काळं जोडपं जागा बघायला गेलं आणि मालक म्हणाला, “गेली हो जागा,” की अर्ध्या तासाने आम्ही गोरं जोडपं पाठवतो. त्या गोऱ्यांना जागा दाखवली की मालक पकडला गेला. आज ओडेसाच्या शाळेतल्या एका मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला दहा वाजता नकार मिळाला होता. साडेदहाला मी मिसेस हॉलिस हे नाव घेऊन, फरची कॉलर लावून आणि ऑर्विलला टाय लावून हजर. मालकाने कपाटंसुद्धा उघडून दाखवली. मी सहज विचारावं तसं विचारलं, “जागा केव्हापासून रिकामी आहे? आणखी कोणी विचारायला आलं होतं का?” तो म्हणाला, “छे हो, तुम्हीच पहिले.” मी पर्समधून वही काढली आणि पडद्यांची मापं घेतल्याचं दाखवत वेळ टिपून ठेवली. ऑर्विल तेवढ्यात घड्याळ बघून घेतो. त्याचं काम एवढंच.

मग फॉर्म भरायचा. कोण गेलं, किती वाजता, काय सांगितलं. नंतर कोण गेलं, किती वाजता, काय सांगितलं. तळाला एक ओळ: ‘खोटं बोलणाऱ्याचं नाव.’ हा फॉर्म माझ्या टाइपरायटरवर जन्मला आहे.

मालक तसा गोड माणूस होता. आम्हाला पेपरमिंट दिलं. आपण काही वाईट करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. अशा माणसांची मला कीव येते.

रविवार, २९ एप्रिल

दोन जोडपी घर बघून गेली. दोन्ही गोरी, दोन्ही वाया.

पहिल्या बाई घरावर लट्टू झाल्या. जिन्याचा कठडा काय, खिडक्या काय! मग त्यांना समोर ओडेसाचा नवरा ल्यूशस प्रेविट कुंपणाची झाडं कापताना दिसला. “तुमच्याकडे माळी आठवड्याला किती घेतो हो?” मी सांगितलं, तो माळी नाही, त्या घराचा मालक आहे, टपाल कचेरीत हेडक्लार्क आहे. तेव्हा त्यांच्या यजमानांना आठवलं की त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. रविवारी!

दुसरं जोडपं कॉलेजातलं. त्यांना उलट इथे यायची फारच घाई. त्यांनी विचारलं, संध्याकाळी सगळ्या व्हरांड्यांतून गाणंबजावणं चालत असेल ना? तेवढ्यात डॉक्टर टॉलिव्हर बाहेर आले. हे आमच्या रस्त्यावरचे काळे दंतवैद्य. ते संध्याकाळी व्हरांड्यात बसून फक्त इतरांच्या हिरवळीतल्या तणाबद्दल गाऱ्हाणी सांगतात. आजही त्यांनी सांगितली, चांगली वीस मिनिटं. ते जोडपं फार हिरमुसलं होऊन गेलं.

ओडेसाने दोन्ही वेळा लिंबाचा केक करून आणला होता. सगळे गेल्यावर आम्ही दोघी झेमनच्या रिकाम्या बैठकीत खोक्यांवर बसून तो खाल्ला. तिने विचारलं, “आपल्यातल्या कोणाचा फोन नाही आला?” आपल्यातल्या म्हणजे काळ्यांपैकी.

“आले ना, चार आले. सांगितलं, घर ठरलंय.”

“चार?” ती सुरी हातात धरून थांबली. “आणि ठरलंय कोणाशी?”

“अजून कोणाशीच नाही गं. पण ठरेलच ना.”

“ते काय म्हणाले?”

“काय म्हणणार? समजून घेतात बिचारे. एका बाईंनी तर आभारसुद्धा मानले.”

उरलेला केक रुमालात बांधून ओडेसाने घरी नेला. असं ती कधी करत नाही, उरलेला केक नेहमी माझ्याकडे राहतो. ल्यूशसला हवा असेल.

शनिवार, १२ मे

घर गेलं! म्हणजे जवळजवळ गेलंच.

सकाळी दहाला फोन आला होता, पण तो तसा कामाचा नव्हता. कोणी मिसेस गेन्स. आवाज ऐकला की मला कळतं. कसं कळतं ते सांगता येणार नाही. बाई नर्स आहेत. म्हणाल्या, “आईला जिने चढवत नाहीत. तुमच्या त्या घराला खालीच खोली आहे म्हणे.” माझ्या जिवाला लागलं. माझी आई शेवटी अशीच होती. मी म्हटलं, “खोली आहे हो, फार सुरेख आहे, पण घर ठरलंय.” त्या म्हणाल्या, “ठरलंय. बरं. मी लिहून घेते.” काय लिहून घ्यायचं होतं कोण जाणे. फोन ठेवला. मग स्वतःला समजावलं की हे खोटं नव्हे. घर कोणासाठी तरी ठरलेलंच आहे, फक्त कोणासाठी ते अजून आपल्याला माहीत नाही.

आणि बघा, पावणेअकराला दारात वेदर्बी! तरुण गोरं जोडपं, हसतमुख, स्वच्छ. त्यांनी फोनसुद्धा केला नव्हता. जाहिरात वाचून सरळ आले म्हणे. मी ऑर्विलला पुढे घातलं, किल्ली घेतली, घर दाखवलं, कपाटं उघडून दाखवली. बाईंनी विचारलं, “घर केव्हापासून निघालंय? आणखी कोणी विचारलं होतं का?” गिऱ्हाइकाला उगाच घाई नको म्हणून मी म्हटलं, “छे हो, आज तरी तुम्हीच पहिले.” बाई संसारी दिसली. लगेच पर्समधून वही काढून काहीतरी टिपून घेतलं. यजमान घड्याळ बघत होते, पण तरुण माणसांना कामं असतात.

मी त्यांना कॉफी पाजली, नकाशा दाखवला आणि निळ्या-पिवळ्याचं सगळं समजावून सांगितलं. ते दोघं इतकं मन लावून ऐकत होते! म्हणाले, विचार करून कळवतो.

ओडेसाला लगेच फोन केला. ल्यूशसने घेतला. म्हणाला, ती घरात नाही. पण खिडकीत ती मला दिसत होती. डोकं दुखत असेल.

रविवार, १३ मे

चर्चमधून येताना ऑर्विल म्हणाला, “काल ती बाई वहीत काय लिहीत होती?”

“मला काय माहीत? पडद्यांची मापं असतील.”

“हं. तू मिसेस हॉलिस झाली होतीस तेव्हा तू काय लिहीत होतीस?”

“वेळ. पण मापं घेतल्यासारखं दाखवत.”

“हं,” असं म्हणून तो गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. पंचवीस वर्षं झाली लग्नाला, पण हा माणूस कशाला हसतो ते मला अजून कळत नाही.

शुक्रवार, १८ मे

काल मंडळाची बैठक माझ्याच घरी झाली. काल लिहायला हात उठला नाही. आता सकाळ आहे, ऑर्विल कामावर गेलाय, आणि लिहिलं नाही तर मी फुटेन.

तेराही सभासद आले होते. मी इतिवृत्त लिहायला बसले. आधी नाल्यांचा विषय झाला, मग डॉक्टर टॉलिव्हरांचं तण. मग ओडेसा उभी राहिली. वर्गात उभी राहते तशी. म्हणाली, “पडताळणीचा एक अहवाल आहे.” आणि माझा फॉर्म, माझ्या टाइपरायटरवरचा, ज्यात ‘र’ थोडा वर उडतो तोच, काढून वाचायला लागली.

“शनिवार, बारा मे. दहा वाजता मिसेस इमोजीन गेन्स, काळ्या, नर्स, यांनी फोनवर चौकशी केली. सांगण्यात आलं, घर ठरलंय. पावणेअकरा वाजता मिस्टर आणि मिसेस वेदर्बी, गोरे, समक्ष गेले. घर दाखवण्यात आलं. कपाटं उघडून दाखवण्यात आली. आज आणखी कोणी विचारलं का, यावर उत्तर: छे हो, तुम्हीच पहिले. कॉफी देण्यात आली.” मग ती तळाच्या ओळीवर आली. “खोटं बोलणाऱ्याचं नाव: मिसेस व्हर्ना लिंडक्विस्ट.”

मी पेन खाली ठेवलं.

“लिही ना, सेक्रेटरी,” ओडेसा म्हणाली.

“ओडेसा, हे... हे वेगळं आहे.”

“प्रत्येक मालक असंच म्हणतो. तूच मला सांगितलंयस. लिही.”

मी लिहिलं. माझंच नाव, माझ्याच हाताने, व्यवस्थित, आडनावासकट. कोणी हसलं नाही. ऑर्विलसुद्धा नाही.

डॉक्टर टॉलिव्हर उठले. “मिसेस लिंडक्विस्ट यांनी मंडळाचा नियम पाळला. नियम मलाही आवडत नाही. पण आपण निम्म्याच्या वर गेलो की कचऱ्याची गाडी हार्लन रस्त्यावर येते तशी पंधरा दिवसांतून एकदा येईल. मी हा नियम गोऱ्यांसाठी पाळत नाही, त्या गाडीसाठी पाळतो.”

“मग आपण गाडीशी भांडू या, डॉक्टर,” ओडेसा म्हणाली. “माझ्या आईशी कशाला?”

तेव्हा कुठे मला कळलं. इमोजीन गेन्स ही तिची बहीण. बहीण नर्स आहे हे मला पाच वर्षं माहीत आहे, पण तिचं नाव-आडनाव मी कधी विचारलंच नाही.

मला संताप आला होता, तोही लिहिते. मैत्रिणीने चारचौघांत असं तोंडघशी पाडावं? सरळ मला सांगता आलं नसतं? बैठकीतच मी तसं विचारलं.

“सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस,” ती म्हणाली. “मला माहीत आहे. माझ्यासाठी तू नियम वाकवला असतास आणि वर केक केला असतास. पण त्या आधीच्या चार जणांसाठी कोण वाकवणार होतं गं? त्यांची कोणी तुझ्यासमोर राहत नव्हती.”

“हा नियम केला तेव्हा तूही हात वर केला होतास!”

“केला होता. तेव्हा माझी आई जिने चढत होती.” तिने फॉर्मची घडी घातली. “मोजायला मला आवडतं, व्हर्ना, त्यावर माझं पोट आहे. पण एका बाजूला दार उघडं ठेवून दुसऱ्या बाजूचीच डोकी मोजायची, हे गणित मी वर्गात चालू दिलं नसतं.”

मग मतदान झालं. घर जो आधी विचारील त्याला दाखवायचं, रंग बघायचा नाही. बाजूने आठ, विरोधात पाच. डॉक्टर टॉलिव्हर विरोधात. मी हात बाजूने वर केला. खरं सांगायचं तर मी तो मोठ्या मनाने वर केला नाही. मला तिथून लवकर सुटायचं होतं.

त्या चार जणांचे नंबर मी घेतलेच नव्हते. ठरलेल्या घरासाठी नंबर कशाला घ्यायचा, असं मला वाटलं होतं. आज सकाळपासून हेच डोक्यात फिरतंय. आभार मानणाऱ्या त्या बाई कुठे गेल्या असतील? आणि त्यांनी आभार कशाचे मानले? मला लाज वाटते आहे.

शनिवार, १९ मे

इमोजीन गेन्सकडे गेले. ओडेसाकडून पत्ता घेतला. तिने तो चिठ्ठीवर लिहून दारातूनच दिला.

तिसरा मजला. वर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. इमोजीनने दार उघडलं, नर्सचा पोशाख, पाय दुखत असावेत, एकच बूट घातलेला. बसा म्हणाली नाही.

“मी व्हर्ना लिंडक्विस्ट. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

“माहीत आहे. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

“घर अजून आहे. तुम्हाला बघायचं असेल तर...”

“ओडेसाची बहीण म्हणून?”

“नाही. म्हणजे, आधी चार जण होते. त्यांना मी शोधू शकत नाही. पाचव्या तुम्ही. तुमचा हक्क पाचवाच आहे, पण मला सापडतील अशा तुम्ही एकट्याच आहात.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “माफी मागायची तुमची पद्धत अजब आहे,” म्हणाली. पण दार थोडं जास्त उघडलं.

आतून म्हातारा आवाज आला, “कोण आहे गं?”

“घरवाल्या बाई, आई.”

“कुठल्या? ठरलंयवाल्या?”

ही मिसेस रफिन, दोघींची आई. वय एक्याऐंशी. नोव्हेंबरपासून खाली उतरलेली नाही. नोव्हेंबरपासून! मी तेवढ्या काळात सात जोडे झिजवले असतील. मी आत जाऊन नमस्कार केला, तर तिने चष्मा चढवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “इथवर चढून आलात?”

“हो.”

“मग बसा. मेलात तर इमोजीनला कागद भरावे लागतील.”

शनिवार, २६ मे

आज मिसेस रफिन घर बघायला आली. ऑर्विल आणि ल्यूशस यांनी तिला खुर्चीसकट तीन जिने खाली आणलं. प्रत्येक वळणावर ती ओरडत होती, “डावीकडचा वाकडा चालतोय!” डावीकडचा म्हणजे ऑर्विल.

झेमनच्या दाराशी तिने खुर्ची खाली ठेवायला लावली. दोन पायऱ्या. एका हाताने ओडेसाचा खांदा, दुसऱ्याने कठडा धरला आणि ती स्वतः चढली. वर उभी राहून तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. ओडेसाने तोंड फिरवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मात्र म्हातारीने घराची अशी झडती घेतली की मी इतकी कसून पडताळणी कधी केली नसेल. नळ सोडून पाहिले. खालच्या खोलीच्या फरशीवर काठी आपटून पाहिली. कपाटात नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, “इथे कोणीतरी सिगार ओढत होतं.” झेमन त्यासाठी मुलीकडून आले होते, तिथेच उभे होते, शाळकरी पोरासारखे लाल झाले. झेमन तिला म्हणाले, “भट्टीसुद्धा खोकते, बाई.” ती म्हणाली, “खोकू दे. मला सोबत होईल.”

शेवटी ती खिडकीपाशी खुर्चीत बसली, माझ्या घराच्या बाजूला बोट दाखवून इमोजीनला विचारलं, “आणि तिकडे शेजारी कोण?”

“मी,” मी म्हटलं.

“तुम्ही?”

“हो.”

तिने माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“हं,” ती म्हणाली. “मग विचार करायला हवा.”

ल्यूशस खोकला. ऑर्विल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. शेजार बघूनच घर घ्यायचं असतं, हे मी स्वतः किती जणांना सांगितलं आहे.

सोमवार, २८ मे

फोन नाही. मी दिवसभर घरातच. दोनदा फोन उचलून तो चालू आहे ना हे पाहिलं.

पलीकडच्या फेनविकबाई सांगायला आल्या की त्या ऑगस्टमध्ये घर विकणार आहेत. समतोलाचा प्रश्न नाही म्हणे, यजमानांच्या गुडघ्याचा आहे. मी म्हटलं, “विका. मंडळामार्फत विका. जो आधी विचारील त्याला दाखवू.” फेनविकबाईंचा चेहरा पडला. मला बरं वाटायला हवं होतं, पण थोडी भीतीच वाटली. आमचा रस्ता दोन वर्षांनी कसा दिसेल ते मला खरंच माहीत नाही. तीन वर्षं मला वाटत होतं की माहीत आहे.

ओडेसा आली. बैठकीनंतर पहिल्यांदाच. केक नव्हता आणला. म्हणाली, “आई अजून विचार करतेय.”

“इतका काय विचार?”

“तुझ्या खिडकीच्या किती जवळ त्या घराची खिडकी आहे ते तिने पावलं टाकून मोजायला लावलं होतं. इमोजीनला.”

“ओडेसा, माझ्याबद्दल काय सांगितलंस तू तिला?”

“सगळं,” ओडेसा म्हणाली. “वीट, केक, पाच वर्षं, चार फोन. मी मधलं काही गाळलं नाही.” मग कॉफी संपवून तिने कप स्वतः विसळून ठेवला, पूर्वी ठेवायची तसा.

बुधवार, ३० मे

फोन नाही. कोणीतरी मला पसंत करतंय का याची वाट बघत बसायची माझी ही पहिलीच वेळ. वय वर्षं बावन्न. त्या चार माणसांनी माझ्या फोनआधी किती ठिकाणी अशी वाट पाहिली असेल?

ऑर्विलला म्हटलं, “ती नाही म्हणाली तर?”

“तर नाही म्हणाली,” तो म्हणाला. आणि मग, त्याच्या मानाने फारच लांब, “तिचा हक्क आहे, व्हर्ना.”

गुरुवार, ३१ मे

सकाळी सव्वानऊला इमोजीनचा फोन आला.

“आई हो म्हणाली.”

मी खुर्चीवर बसले. आधी उभी होते हेही माझ्या लक्षात नव्हतं. दोन-चार वाक्यं काहीबाही बोलले, झेमन, कागदपत्रं, पडदे. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “माझ्याबद्दल काय म्हणाल्या त्या?”

“राहू द्या हो.”

“नाही, सांगाच. शब्द न् शब्द.”

इमोजीन आईचा आवाज काढून म्हणाली, “‘बाई खोटं बोलते. पण पकडली गेली तर स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी ज्या गावातून आले तिथले शेजारी लिहून ठेवत नव्हते. घे ते घर.’”

मी फोन ठेवला. ऑर्विल कामावर निघाला होता, टोपी हातात घेऊन दारात उभा होता. सगळं त्याला सांगितलं.

“म्हणजे म्हातारीने तुला पास केलं,” तो म्हणाला.

“काठावर,” मी म्हटलं.